कागद कुणाच्या नावाचा?

२०२३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. शनिवारची रात्र होती. इशाची नमाज आटोपून आम्ही मुरबाडच्या घरी जेवायला बसलो होतो, तोच मोबाईल वाजला. कल्याणच्या एका प्रयोगशाळेचा निरोप होता : आपला रिपोर्ट तयार आहे, खालील लिंक उघडा. 'आपला' म्हणजे अम्मीचा. अम्मी धाकट्या भावाकडे, शहापूर तालुक्यात किन्हवलीच्या बाजूला राहते. तिच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता. नाव-वय लिहून घेणाऱ्या मुलीने मोबाईल नंबर विचारला तेव्हा आम्ही आमचाच सांगितला. अम्मीजवळ बटणांचा साधा फोन आहे, तोही बहुतेक वेळ तांदळाच्या डब्यावर पडलेला असतो. त्यामुळे आमचा नंबर देण्यात काही चुकते आहे असे तेव्हा कुणालाच वाटले नाही. अम्मीलाही नाही.

डॉक्टरांची वेळ सोमवारची होती. मध्ये दोन रात्री होत्या. आम्ही हातातला घास ताटात ठेवला आणि लिंक उघडली. इंग्रजी आम्हाला कामापुरतेच येते. परंतु त्या कागदावरचा 'कार्सिनोमा' हा शब्द कळायला तेवढे पुरेसे होते. बाकीची रात्र आम्ही मोबाईलला प्रश्न विचारण्यात घालवली. ग्रेड म्हणजे काय, स्टेज म्हणजे काय, किती टक्के लोक पाच वर्षे जगतात, हे सगळे त्याने सांगितले. फक्त अम्मीबद्दल त्याला काही सांगता येईना. गाठ किती पसरली आहे, काखेत गेली आहे का, तिची तब्येत ऑपरेशन झेपण्याजोगी आहे का, हे त्याला माहीतच नव्हते. आणि आम्हाला जाणून घ्यायचे होते ते तेवढेच.

त्या रात्रीपासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून आहे. डॉक्टरांशी बोलणे होण्याआधीच तपासणीचा निकाल माणसाच्या हाती यावा, हे चांगले की वाईट? सुरुवातीला प्रश्न एवढाच वाटला होता. पुढे कळले, की आमच्याकडे खरा प्रश्न जरा निराळाच आहे.

वास्तविक या सोयीला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हा शहापूर-मुरबाडकरांना फारसा नाही. आमच्या मुरबाडला रेल्वे नाही. टोकावडे, धसईकडच्या माणसाला कल्याण गाठायचे तर एसटीने मुरबाडला या आणि मग पुढे जा. शहापूरचे स्टेशन म्हणजे आसनगाव. डोळखांबकडच्या माणसाने आधी शहापूर, मग आसनगाव आणि मग लोकल असा प्रवास करायचा. पूर्वी रक्त द्यायला एक दिवस, रिपोर्ट आणायला दुसरा आणि तो डॉक्टरांना दाखवायला तिसरा दिवस जायचा. आवणीच्या दिवसांत तीन दिवसांची मजुरी बुडवायची, त्यापेक्षा दुखणे अंगावर काढलेले बरे, असे म्हणणारे कितीतरी लोक आम्ही पाहिले आहेत. आता निदान रिपोर्ट आणण्याची फेरी वाचली. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये १४ अंकी आभा क्रमांक मिळतो आणि त्याला जोडलेले रिपोर्ट माणसाला आपल्या मोबाईलवर पाहता येतात. जुना कागद हरवला म्हणून सगळ्या तपासण्या पुन्हा कराव्या लागलेल्या माणसाला याची किंमत विचारावी.

मग डॉक्टरांना याची काळजी का वाटते? तिच्यामागे कारण आहे, आणि तेही नीट समजून घेतले पाहिजे. रिपोर्टवर प्रत्येक आकड्यापुढे एक मर्यादा छापलेली असते. अमुक ते तमुक म्हणजे ठीक. ही मर्यादा बहुधा निरोगी माणसांच्या रक्तावरून ठरवतात, आणि ठरवतानाच त्यांच्यातले शंभरातले सुमारे पाच जण बाहेर राहतील अशी ती आखलेली असते. त्यामुळे धडधाकट माणसाच्या वीस वेगवेगळ्या चाचण्या केल्या, तर त्यांतली एखादी तरी मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता शंभरात चौसष्टच्या आसपास निघते. मोबाईलवर मात्र तो आकडा लाल किंवा ठळक अक्षरांत येतो. लाल रंगाला एकच भाषा बोलता येते. आमच्या ओळखीच्या एका खालांचा 'सीए १२५' हा आकडा वाढलेला आला. त्यांच्या मुलाने तो रात्रीच मोबाईलवर शोधला आणि अंडाशयाचा कर्करोग समजून घरात रडारड झाली. पुढे निघाला पोटाचा टीबी. औषधांचा कोर्स पूर्ण झाला आणि खाला बऱ्या झाल्या. तो आकडा टीबीतही वाढतो, हे डॉक्टरांना ठाऊक होते, पण मुलाला ठाऊक नव्हते. बहुतेक रिपोर्टांच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले असते, की रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे. ती ओळ डॉक्टरांसाठी असते. घरी वाचणाऱ्याची नजर तिथवर पोहोचत नाही.

म्हणजे मग निकाल डॉक्टरांनी आधी स्वतःकडे ठेवावा आणि सवडीने सांगावा, असे म्हणायचे का? आमचे मत तसे नाही. आपल्या महाराष्ट्रात हा प्रयोग एकदा होऊन गेला आहे. जून २०२० मध्ये, कोरोनाच्या ऐन भरात, मुंबई महापालिकेने प्रयोगशाळांना सांगितले, की एखादा माणूस बाधित निघाला तर तो अहवाल पालिकेकडे पाठवा, रुग्णाला थेट देऊ नका. हेतू समजण्यासारखा होता. लक्षणे नसलेले लोकही कागद हातात पडताच घाबरून रुग्णालयांत धाव घेत होते आणि खाटा अडत होत्या. परंतु आपल्याच नाकातला स्राव, आपल्याच नावाचा कागद, आणि तो आपल्यालाच मिळायचा नाही, हे लोकांना कसे पटावे? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९ जून २०२० रोजी न्यायालयाने सांगितले, की अहवाल रुग्णाला वा त्याच्या नातेवाइकांना मिळालाच पाहिजे.

डॉक्टरांसाठी २००२ साली केलेली आचारनियमावलीही हेच सांगते. रुग्णाने मागितल्यावर त्याचे कागद ७२ तासांत द्यावेत, असा नियम तीत आहे. आजाराचे गांभीर्य फुगवून सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, असेही तीत म्हटले आहे. तेव्हा रुग्णापासून खबर दडवण्याचा काळ कायद्याच्या दृष्टीने तरी सरला आहे.

लोकांना काय हवे असते, हेही पाहावे. अमेरिकेत २०१६ च्या एका कायद्यानुसार केलेला नियम एप्रिल २०२१ मध्ये लागू झाला आणि तेव्हापासून रिपोर्ट तयार होताच रुग्णाच्या ऑनलाइन खात्यावर येऊ लागला. डॉक्टरांनी तो पाहिलेला असो वा नसो. तिथल्या चार मोठ्या शिक्षण-रुग्णालयांतील ८,१३९ लोकांना प्रश्न विचारून केलेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभरातल्या ९६ जणांनी सांगितले, की आम्हाला निकाल ताबडतोबच हवा. ज्यांचा निकाल वाईट आला होता त्यांच्यात काळजी वाढल्याचे सांगणारे जास्त होते, शंभरात सोळा-सतरा. निकाल चांगला आलेल्यांत पाच. तरीही त्या काळजी वाढलेल्या गटाचे मत बदलले नव्हते. माणसाला वाट पाहण्याचे दुःख खबरीच्या दुःखापेक्षा जड जाते, असाच याचा अर्थ.

हा अभ्यास वाचून आम्हाला आधी बरे वाटले. आम्ही लिंक उघडली त्यात वावगे काय, असे वाटले. मग एक गोष्ट ध्यानात आली. त्या लोकांनी पाहिलेला रिपोर्ट बहुतांशी त्यांचा स्वतःचा होता. खाते आपले, पासवर्ड आपला, कागदही आपलाच. आम्ही पाहिला तो अम्मीचा.

इथेच आमच्या मुलखातला खरा प्रश्न सुरू होतो. आमच्याकडे 'रुग्ण आधी की डॉक्टर आधी' असा सामना होतच नाही. दोघांच्याही आधी तिसराच कुणी असतो, ज्याच्या हातात मोबाईल आहे तो. बापाचा रिपोर्ट मुलाकडे, सासूचा सुनेकडे आणि बहुतेक बायकांचा नवऱ्याकडे. घरात स्मार्टफोन एकच असेल तर तो पुरुषाच्या खिशात असतो, हे आपल्या समाजात कुणी कुणाला समजावून सांगायला नको. बाईला दिवस गेले आहेत की नाहीत, तिच्या अंगात रक्त किती आहे, मूल न होण्याचे कारण कुणात आहे, हे सगळे तिच्याआधी तिच्या घराला कळते. कधी कधी तिला अर्धेच कळते. कधी सासरच्या चार माणसांत चर्चा होऊन गेल्यावर कळते. परपुरुष डॉक्टरने तपासू नये म्हणून आपण लेडी डॉक्टर शोधत कल्याण-भिवंडीपर्यंत जातो. आणि तिच्या देहाचा सारा हिशेब मात्र कुणाच्याही मोबाईलवर मागवून घेतो. ही विसंगती आमच्याही घरात होती, म्हणून इतक्या स्पष्टपणे लिहितो आहोत.

आपल्याकडे अमानत हा शब्द फार मानाचा आहे. आमच्या दादींच्या घरी लोक परगावी जाताना गाठोडी ठेवून जात. कुणाच्या गाठोड्यात बांगड्या, कुणाच्यात जमिनीचे कागद. ती गाठोडी फळीवर महिनोन्‌महिने पडून असत आणि त्यांना हात लावण्याची कुणाची छाती नव्हती. अमानत म्हणजे नुसते सांभाळणे नव्हे, तर न उघडणे, हे आम्ही त्या फळीखाली शिकलो. मग रिपोर्टाचे गाठोडे आपण इतक्या सहज का सोडतो? तो आपल्या मोबाईलवर आला म्हणजे आपला झाला, असे आपल्याला का वाटते?

यावर कुणी म्हणेल, पूर्वीही असेच होते. ते खरे आहे. तारखाते जुलै २०१३ मध्ये बंद झाले. पण त्याआधी गावात तार आली की वाचण्याआधीच घरात आकांत होई. कुवेतहून आलेले पत्र मास्तर वाचून दाखवत. मुंबईत कुणी गेले तर निरोप्या येऊन 'तब्येत जरा नरम आहे, निघून या' एवढेच म्हणे, आणि घरची माणसे वाटेतच काय ते समजून जात. म्हणजे खबर तेव्हाही दुसऱ्याच्या तोंडूनच यायची. परंतु त्या निरोप्याचे एक होते. खबर सांगून तो निघून जात नसे. तो ओसरीवर बसे, पाणी आणून देई, गाडीची सोय बघे, प्रसंगी मय्यतीपर्यंत थांबे. खबर आणि माणूस बरोबर येत. आता खबर येते आणि तिच्याबरोबर कुणीच येत नाही.

याचा सगळ्यात उघडा नमुना म्हणजे आखाती देशांत जाणाऱ्या मुलांची वैद्यकीय तपासणी. ठाणे-रायगडच्या आपल्या घरांतून असा एखादा तरी मुलगा गेलेलाच असतो. या तपासणीला लोक अजून 'गामका' म्हणतात. आता तिचे नाव 'वाफिद' झाले आहे. पासपोर्ट क्रमांक टाकला की संकेतस्थळावर निकाल दिसतो, फिट किंवा अनफिट. आमच्या आप्तांतला मुरबाड तालुक्यातला एक मुलगा असाच अनफिट ठरला. छातीच्या फोटोत जुन्या, बऱ्या झालेल्या टीबीचा व्रण होता. आज त्याला टीबी नव्हता, त्याच्यापासून कुणाला धोका नव्हता. परंतु त्या देशांच्या नियमांत जुना डागही बसत नाही. हे त्याला समजावून सांगणारे कुणी नव्हते. त्याने सायबर कॅफेत तो एक शब्द वाचला, आणि कॅफेवाल्यानेही वाचला. संध्याकाळपर्यंत गावात बातमी होती, की मुलाला काहीतरी मोठा रोग आहे. ठरत आलेले लग्न लांबले. तीन महिन्यांनी शहापूरच्या एका डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून त्याला दहा मिनिटे समजावले, तेव्हा तो पहिल्यांदा पोटभर जेवला, असे त्याची आई सांगते. दहा मिनिटे! त्या मुलाला निकाल लवकर कळला, हे त्याचे नुकसान नव्हते. तो एकटा असताना कळला आणि दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत कळला, हे नुकसान होते.

दुसरी रीत असू शकते, आणि ती आपल्याच सरकारी रुग्णालयांत आहे. एचआयव्हीची तपासणी करणाऱ्या केंद्रात रक्त घेण्याआधी समुपदेशक माणसाशी बोलतो आणि निकाल देताना पुन्हा बोलतो. निकाल त्याचा त्यालाच, बंद खोलीत आणि समोर माणूस बसलेला असताना मिळतो. २०१७ च्या कायद्याने ही गुप्तता त्याचा हक्कच ठरवली. तो रोग बदनाम होता, म्हणून एवढी काळजी घेतली गेली. पण भीती काय फक्त बदनाम रोगाचीच वाटते? कर्करोगाच्या, मूत्रपिंडाच्या, गर्भाच्या तपासणीला तीच रीत का नसावी? प्रत्येक प्रयोगशाळेत समुपदेशक बसवता येणार नाही, हे आम्हाला कळते. परंतु एक प्रश्न तर कुणालाही विचारता येईल आणि त्याला पैसे पडत नाहीत. रक्त घेतानाच रुग्णाला विचारायचे : निकाल आला की आधी कुणाला कळवू? आणि तुम्हाला तो डॉक्टरांसमोर ऐकायचा आहे की आधीच?

उत्तर प्रत्येकाचे सारखे येणार नाही. आमच्या एक मामी स्पष्ट म्हणाल्या होत्या, 'मला काय ते सांगू नका, पोराला सांगा, आणि गोळ्या कधी घ्यायच्या तेवढे मला सांगा.' न जाणण्याचाही हक्क असतो. तो त्यांनी स्वतः वापरला. त्यांच्या वतीने दुसऱ्या कुणी वापरला असता तर ती चोरी झाली असती.

आता आमची चोरी सांगून टाकतो. त्या शनिवारच्या रात्री आम्ही भावाला फोन केला, भिवंडीच्या बहिणीला केला, आणि भावंडांनी मिळून ठरवले, की सोमवारी डॉक्टर सांगेपर्यंत अम्मीला काही बोलायचे नाही. सोमवारी डॉक्टर बाहेरगावी गेल्याचे कळले. वेळ बुधवारवर गेली. दोनाचे चार दिवस झाले. अम्मी रोज विचारी, 'रिपोट आला का रे?' आणि आम्ही फोनवर सांगत असू, 'अजून नाही.' आयुष्यात तिच्याशी इतके सरळ खोटे आम्ही कधी बोललो नव्हतो. तिच्या भल्यासाठीच बोलतो आहोत, अशी समजूत घालत होतो. खरे म्हणजे ती रडली तर आपण काय करायचे, हे आम्हाला ठाऊक नव्हते. आम्ही तिला नव्हे, स्वतःला वाचवत होतो.

बुधवारी डॉक्टरांनी कागद हातात घेण्याआधी तिलाच विचारले, 'आई, तुम्हाला काय वाटतं, काय असेल?' ती म्हणाली, 'क्यान्सर.' आम्ही सगळे खाली बघू लागलो. बाहेर आल्यावर बाकड्यावर बसून तिने हिशेब मांडला. बहीण कामाच्या दिवसांत अचानक राहायला आली. कधी पाय न चेपणारा नातू पाय चेपायला बसला. कालवणात मीठ जास्त झाले तरी कुणी सुनेला बोलले नाही. 'चार दिवस मी एकटीनं काढले,' ती म्हणाली. 'तुम्ही सगळे मिळून होता. माझ्या नावाचा कागद, आणि मीच एकटी बाहेर?'

या वाक्याला आमच्याजवळ आजही उत्तर नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. निकाल डॉक्टरांआधी माणसाला मिळावा की नाही, याचा निवाडा होऊन गेला आहे. तो मिळावा, कारण कागद त्याचा आहे. पण कागद त्याचा आहे हे मानले, तर तो मुलाचा नाही, नवऱ्याचा नाही, हेही मानावे लागते. ज्याच्या मोबाईलवर तो येतो, तो केवळ निरोप्या. निरोप्याची दोन कामे : गाठोडे मालकाच्या परवानगीशिवाय सोडू नये, आणि सोडल्यावर मालकाला सोडून जाऊ नये. डॉक्टरांकडचा अर्थ येईपर्यंत मधल्या रात्री कुणीतरी शेजारी बसायला हवे. ते काम मोबाईलचे नाही.

अम्मीचे ऑपरेशन झाले, औषधे झाली. आता दर काही महिन्यांनी तपासणी असते आणि निरोप अजूनही आमच्याच मोबाईलवर येतो. गेल्या खेपेला तो दुपारी आला. आम्ही न उघडता सरळगावमार्गे किन्हवली गाठली. अम्मी तांदूळ निवडत होती. म्हणाली, 'आधी चहा घे.' चहा झाला. तिने सूप बाजूला सारले, इंग्रजी येत नसतानाही चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, आमच्याजवळ सरकून बसली आणि म्हणाली, 'हां, आता उघड.'